टोबी जग घेताय? आधी उलटा करून बघा

टोबी जग, म्हणजे बसलेल्या माणसाच्या आकाराचा मातीचा जग, घ्यावा का म्हणून तुम्ही पाठवलेला फोटो बघितला. तिकोनी टोपी, मांडीवर बिअरचा मग, टोबी जग आहे हे नक्कीच, पण विकणारा १७८० चा म्हणतोय ते काही पटत नाही बुवा. ते जुने इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचे, राल्फ वुड वगैरे कुंभारांचे, त्यात रंग ग्लेझमध्येच, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थरातच असतो, त्यामुळे कोटाच्या घड्यांमध्ये तो ओघळून साचलेला दिसतो. तुमच्या पीसमध्ये सगळं ब्रशने भरल्यासारखं आहे आणि वर तळाला ‘मेड इन इंग्लंड’, मग विषयच संपला, तो विसाव्या शतकातला. बारीक तडे बघून पण भुलू नका, चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला माल भरपूर फिरतो.

नवीन असाल तर रॉयल डल्टन या इंग्लिश कंपनीचे कॅरेक्टर जग बघा, नुसतं डोकं नि खांदे असलेले. त्यांच्या चार्ल्स नोकने १९३४ मध्ये ‘जॉन बार्लीकॉर्न’ नावाच्या जगापासून ते सुरू केले, बरेचसे ढिगाने निघाले त्यामुळे खिशाला झेपतात. तळाला सिंह-मुकुटाचा शिक्का आणि बहुतेकांवर डी ने सुरू होणारा नंबर असतो, शिक्क्यावरून ओरखडा किंवा बारीक भोक असेल तर तो सेकंड, म्हणजे दोष असलेला माल, पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

टोपीची कड आणि हँडल हमखास फुटतं. नखाने हळूच टिचकी मारा, आवाज बद्द आला की कुठेतरी तडा आहे समजा, आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारली की रंग फासून लपवलेलं रिपेअर बऱ्याचदा वेगळंच चमकतं. ऑनलाइन घेताय तर तळाचा क्लोजअप मागा, टाळाटाळ केली तर सोडून द्या.