माकडं आणि प्राचीन माणसांच्या डीएनएवर संशोधन म्हणजे दिवसभर नेमकं काय करतात? यात करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ठाण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला यातच जायचंय आणि घरात कुणालाच काही अंदाज नाही. मी शास्त्रज्ञ झालो नाही, हे आधीच सांगतो. अशा एका लॅबमध्ये दोन वर्षं प्रोजेक्ट असिस्टंट होतो, आता महापेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतो.

दिवसभर काय करतात? माझ्या आईच्या शब्दांत, "एवढं शिकून माकडाची शी गोळा करतो." खोटं नाही ते. रानातल्या प्राण्याचं रक्त कोण काढणार? विष्ठेला आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यातून डीएनए मिळतो. कळप पुढे सरकला की बोराएवढा तुकडा उचलायचा, एक दिवस अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मग सिलिका जेलच्या दाण्यांवर सुकवायचा.

गोची पुढे आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. विष्ठेत किंवा केसात डीएनए इतका कमी असतो की कधी कधी एकच प्रत हाती लागते. ती आईची निघाली की खरा बापसुद्धा परका ठरतो. आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलातल्या चिंपांझींबाबत हेच झालं. 1997 मध्ये शोधनिबंध आला की निम्म्याहून जास्त पिल्लांचे बाप दुसऱ्या कळपातले. खूप गाजला. लिंडा व्हिजिलंट या जनुकशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त पिल्लं घेऊन, तेच नमुने पुन्हापुन्हा तपासत काम केलं, तर 2001 मध्ये आकडा 7 टक्क्यांच्या आसपास निघाला. मूळ लेखकांनी आपला निबंध मागे घेतला. याच व्हिजिलंटबाईंचं 1991 चं काम माणसांवरचं आहे: आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून आपली मुळं आफ्रिकेत असल्याचं दाखवणारं. माकड आणि माणूस ही दोन वेगळी खाती नाहीत, हे मुलीला सांगा.

जुनी हाडं आणखी छळतात. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या गावातल्या हाडांच्या साठाहून अधिक नमुन्यांतून कामापुरता डीएनए फक्त एका बाईचा मिळाला. ते काम छापून आलं 2019 मध्ये.

आणि भेसळ! माकडाच्या नमुन्यात माणूस मिसळला तर निदान ओळखू येतो. जुन्या माणसात आजचा माणूस मिसळला तर? भेसळ पकडायला एक ट्यूब मुद्दाम नमुन्याविना ठेवतात, ती निगेटिव्ह कंट्रोल; आमच्याकडे एकदा तिच्यातच डीएनए दिसला. तीन आठवड्यांचं काम फेकलं. शोधता शोधता कळलं, तो माझाच होता. मास्क खाली करून चहा सांगितला होता मी. जुन्या डीएनएच्या तुकड्यांची टोकं झिजलेली असतात, तिथे डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'सी'च्या जागी 'टी' वाचला जातो. ताज्या डीएनएत ती झीज नसते, त्यावरूनच खरं-खोटं ठरवतात. म्हणून अर्धा दिवस हातमोज्यात जातो आणि अर्धा कॉम्प्युटरपुढे. लिनक्स आणि 'आर' ही आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा तिने आत्तापासूनच शिकावी.

करिअरचं म्हणाल तर एम.एस्सी., मग नेटची परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राची संशोधन संस्था) किंवा लखनौची बिरबल साहनी संस्था, म्हणजे घर सोडावं लागणार. पुढची नोकरी हमखास नाही. मी तिथेच उतरलो, कारण बहिणीचं लग्न होतं आणि फेलोशिप तीन-तीन महिने लांबायची. पण हे माझं झालं.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. रविवारी सकाळी तिला येऊरला न्या. काळ्या तोंडाचं ते वानर, तांबूस तोंडाचं ते माकड, एवढं तिला ठाऊक असेलच. एकाच कळपापुढे तीन तास बसून कोण कुणाच्या उवा काढतं, ते वहीत लिहू दे. केळी मात्र नेऊ नका, माझी सॅक एकदा त्यातच फाटली.