जुनी मराठी फाइल अगम्य का दिसते?

प्रश्न : विद्यापीठातील कर्मचाऱ्यांसाठी युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत) मराठीची दोन तासांची कार्यशाळा घ्यायची आहे. कशावर भर द्यावा? जुन्या फाइल दुसऱ्या संगणकावर वाचताच येत नाहीत.

उत्तर : सुरुवात त्या फाइलपासूनच करा. जुन्या फाँटमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरेच. देवनागरी दिसते ती फाँटमुळे. फाँट नसला की सगळा गिचमिडा. कन्व्हर्टरने युनिकोड होते, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या पद्धतीत वेलांटी व्यंजनाआधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. घोळ नेमका तिथेच होतो.

विंडोज ११ मध्ये ‘भाषा आणि प्रदेश’ सेटिंगमधून मराठी जोडा, विंडोज+स्पेसने कळफलक बदला. इनस्क्रिप्ट या कळफलक-रचनेत स्वर डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे, हलन्त (्) डी या कळीवर. अडतात सगळे ‘दऱ्या’पाशी. साधा र (जे) घेतला तर ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र! शिफ्ट+जे, मग डी, मग य.

उरलेला वेळ सरावाला. प्रत्येकाने स्वतःचे एक कार्यालयीन पत्र टंकावे, भाषणे नकोत.