मोटेचं, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामड्याच्या पिशवीचं, जलरंगातलं चित्र पाहून आजोबा म्हणाले, "हे बैल पाणी ओढत नाहीत." माझं काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या हौदात, पाणी पडतंय, बैलांची तोंडं विहिरीकडे आहेत आणि मोट हाकणारा मोटकरी मागे आसूड घेऊन उभा आहे. आजोबांचं बरोबर आहे. मोटेच्या बैलांचं तोंड विहिरीकडे नसायचंच.

विहिरीपासून खाली उतरत जाते ती धाव. विहिरीकडे पाठ करून बैल धावेवरून उतरतात तेव्हा मोट वर येते. उतारामुळे त्यांचं वजनही कामी येतं. मोट परत बुडवायची तर तेच बैल एकेक पाऊल मागे टाकत वर चढतात. (उलटं चालायला बैल शिकवावा लागायचा, तो वेगळाच विषय.) म्हणजे पाणी पडण्याचा क्षण हवा असेल तर बैल धावेच्या तळाशी, माना खाली, आणि विहिरीवरच्या चाकापासून जुवापर्यंत नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ताणलेला. मोटकरी उभा नको. उतरताना तो नाड्यावरच बसायचा, तेवढाच भार.

माझ्या पहिल्या चित्रात मी नाड्याला मस्त झोळ दिला होता, वेलीसारखा. तरुणपणी मोट हाकलेल्या एका म्हाताऱ्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मोट रिकामी हाय व्हय?"

आता रंगाचं. मोट वर येत असते तोवर तिची चामड्याची सोंड दुमडून वर धरलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आली की बारीक दोर सोंड पुढे ओढतो आणि भसकन पाणी थारोळ्यात. ते पाणी पांढऱ्या रंगानं काढू नका, मेल्यासारखं दिसतं. तेवढा कागद कोरा सोडा. शेजारचं ओलं चामडं जवळजवळ काळं घ्या, गडद तपकिरी आणि निळा कागदावरच ओले मिसळून. पाणी आपोआप चमकेल. नाडा मात्र कोरडसर ब्रशनं, एका दमात. गिरवलात की सैल पडला.

आणि ती सोनेरी संध्याकाळ काढून टाका. मोट बहुधा पहाटे जुंपायचे, ऊन तापलं की सोडायचे. सावल्या लांब आणि निळसर हव्यात.

इंजिनं आणि विजेचे पंप आले तशी मोट गेली, पण कितीतरी जुन्या विहिरींवर मोटेचे दगडी खांब अजून उभे आहेत. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (सुमारे १८६०–१९३१) कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून तिथलीच निसर्गचित्रं करत राहिले. तसं एका विहिरीवर दोन-चार सकाळी बसा, धावेचा उतार नीट पकडा. बैल त्यानंतर.

मोटकऱ्यासाठी तर घरातच माणूस आहे. आजोबांना स्टुलावर बसवा, हातात दोरी द्या आणि नाड्यावर कसे बसायचे ते करून दाखवा म्हणा. पेन्सिल तयार ठेवा, ते फार वेळ तसे बसणार नाहीत.