98 दाखवत होतं, तरी आधी त्यालाच आत का घेतलं?

वाचकांचे प्रश्न : कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : गेल्या महिन्यात माझे दीर पिंपळगावजवळ हायवेवर मोटरसायकलवरून पडले. नाशिकला दवाखान्यात नेलं तेव्हा ते नीट बोलत होते, चहासुद्धा मागितला. बोटाला क्लिप लावली तर ऑक्सिजन 98, पल्स 122. बीपी 112. शेजारच्या स्ट्रेचरवर डोकं फुटलेला एक मुलगा रक्ताने माखून ओरडत होता, त्याची पल्स 96. डॉक्टरांनी त्याला थांबवून आधी दिरांना आत घेतलं. मुलाच्या घरच्यांनी खूप आरडाओरडा केला. सोनोग्राफीत दिरांच्या पोटात रक्त निघालं, प्लीहा फाटली होती. 98 असताना डॉक्टरांना हे कळलं कसं? कोरोनात घेतलेलं मशीन आमच्याकडेही आहे.
— एक वाचक, निफाड

उत्तर : ताई, 98 हा आकडा तुमच्या दिरांच्या बाबतीत जवळपास बिनकामाचा होता. बोटापर्यंत जे रक्त पोचतंय ते ऑक्सिजनने किती भरलेलं आहे, एवढंच तो सांगतो. अंगात रक्त किती उरलंय याचा त्याला पत्ता नसतो. कोरोनाने आपल्या सगळ्यांना वरचाच आकडा वाचायची सवय लावली. त्याच क्लिपवर खाली पल्स असते, तिच्याकडे नातेवाईक बघतच नाहीत.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी धडधाकट माणसाच्या नाडीत फारसा फरक दिसत नाही. त्यापुढे दीड लिटरपर्यंत नाडी शंभराच्या वर जाते, पण पडून असलेल्या माणसाचं वरचं बीपी बऱ्याचदा ठीकच येतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय वेग वाढवतं. घागर लहान झाली की खेपा वाढणारच. बीपी कोसळतं ते त्यानंतर. म्हणजे बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त बसायचं, तर नेमका हाताशी असलेला वेळच जातो.

म्हणून आम्ही एक साधा भागाकार करतो. आल्गोवर आणि बुरी या डॉक्टरांनी तो 1967 मध्ये मांडला : पल्स भागिले वरचं बीपी. निरोगी माणसात उत्तर 0.5 ते 0.7 येतं. 0.9 च्या पुढे गेलं की मी खुर्चीतून उठतो. तुमच्या दिरांचं 122 भागिले 112, म्हणजे 1 च्या वर. चहा मागत होते म्हणता, पण अशा वेळी घसा कोरडा पडतो, तहान लागते, हेही लक्षात असू द्या. (आणि चहा दिला नाहीत ना? ऑपरेशनला पोट रिकामं लागतं.)

दुखण्याने आणि भीतीनेही नाडी पळते, हे खरंच. पण हाड आधार देऊन बांधलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, की ती नाडी सहसा खाली येते. आत रक्त वाहत असेल तर 110 ची 118, 118 ची 126 होत राहते. म्हणून सिस्टर दर काही मिनिटांनी आकडा लिहितात. तो मुलगा ओरडत होता, म्हणजे त्याची श्वासनळी मोकळी होती आणि मेंदूला रक्त मिळत होतं. त्याच्या डोक्यावर पट्टी दाबून धरली की काही मिनिटं निभतं. फाटलेल्या प्लीहेवर पट्टी दाबता येत नाही. मला कॅज्युअल्टीत धास्ती वाटते ती गप्प, घामेजलेल्या माणसाची.

मोठ्या मॉनिटरवर आकड्याशेजारी एक लाटही धावते. क्लिपमधला लाल आणि अदृश्य अवरक्त प्रकाश बोटातून जातो, आणि दर ठोक्याला रक्त वाढेल तसा तो कमीजास्त अडतो. ही त्याची लाट. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या अमेरिकी लष्करी शल्य संशोधन संस्थेत निरोगी स्वयंसेवकांचं कमरेखालचं अंग हवाबंद पेटीत ठेवलं, आतली हवा खेचून रक्त पायांकडे ओढलं आणि रक्तस्रावासारखी अवस्था तयार केली. बीपी पडण्याच्या बरंच आधी लाटेचा आकार बदलताना दिसला. हाच बदल ओळखायला संगणकाला शिकवायचं काम त्यातून पुढे गेलं. येईल ते आपल्याकडेही. तोवर लाट बुटकी होत चाललीय का, श्वासागणिक लहानमोठी होतेय का, हे डोळ्यांनीच बघतो.

घरच्या मशीनबद्दल. पेशंट बीपीची मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल घेत असेल तर रक्त जाऊनही नाडी ऐंशीतच राहू शकते. आम्हाला गोळीचं नाव आधी सांगा. थंडीत निफाडला पारा कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको. गार बोटावर मशीन काहीही दाखवतं, हात चोळून गरम करा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने कोणी बेशुद्ध पडलं तर 99 वर अजिबात विश्वास ठेवू नका : क्लिपला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. आणि पल्सबरोबर पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ‘न्यूज 2’ या गुणपद्धतीत श्वास मिनिटाला 25 झाले की धोक्याचे पूर्ण 3 गुण लागतात. वाढलेल्या नाडीला तेवढे गुण मिळायला 131 गाठावे लागतात. फुकटची तपासणी आहे, पण करतं कोण!

प्रश्न : द्राक्षबागेत फवारणी करून आलेल्या गड्याला मळमळ आणि घाम सुटला. पल्स 50 होती. खेळाडूंची नाडी कमीच असते, असं एक जण म्हणाला. खरं का?
— एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : खेळाडूच्या तोंडाला लाळ सुटत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत नाहीत; ही फवारणीच्या विषाची लक्षणं. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं की नाडी मंद होऊ शकते. कधीकधी उलट वाढतेही, म्हणून एका आकड्यावर विसंबू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, तुमच्या हातात मोजे हवेत. उलटी करायला लावू नका. 108 ला फोन करा. औषधाचा डबा लेबलसकट बरोबर आणा. आम्ही अ‍ॅट्रोपिन हा उतारा देतो, आणि डोस पुरला का हे ठरवताना छातीतली घरघर थांबली का आणि नाडी 80 च्या वर गेली का, हेच बघतो.