स्मरणिका हाती घेण्यापूर्वी

नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे सगळे मजकूर मिळाले. तुमच्या ठाण्याचे हवालदार नाकाबंदीवर असताना गेले, त्याला आता वर्ष होत आले आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास त्यांच्या आठवणींची स्मरणिका काढायची ठरली, हे योग्यच झाले. अकादमीतून बाहेर पडून तुला फार दिवस झालेले नाहीत आणि त्यांच्याबरोबर तुला जेमतेम काही महिने काम करता आले. तरीही हे काम तुझ्याकडे आले आहे, तर ते नीट कसे व्हावे याविषयी मला जे वाटते ते सविस्तर लिहितो. मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे या पत्रात तुला थोडा माझाही जिव्हाळा दिसेल.

सहकाऱ्यांनी लिहून दिलेले मजकूर मी एका बैठकीत वाचले. प्रत्येकाच्या मनातले दुःख खरे आहे याविषयी मला शंका नाही. पण बहुतेकांनी ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘हसतमुख’, ‘पोलीस दलाची कधीही न भरून येणारी हानी’ असे लिहिले आहे, आणि नाव झाकले तर हा मजकूर कोणत्याही चांगल्या पोलिसाला लागू पडेल. हीच माणसे पंचनामा लिहितात तेव्हा दार कोणत्या दिशेला उघडते, कडी आतून होती की बाहेरून, मृताच्या डाव्या हातात काय होते हे चुकवत नाहीत. तेव्हा त्यांना तुझा निरोप एवढाच असू दे की, श्रद्धांजलीही पंचनाम्यासारखी लिहा: आपण स्वतः काय पाहिले, कुठे पाहिले, त्या वेळी आणखी कोण होते. लिहायला जमत नसेल त्याच्याजवळ जाऊन बस आणि विचार. ‘ते माणूस म्हणून कसे होते’ असे विचारू नकोस; त्याला पुन्हा विशेषणेच मिळतात. त्यांच्याबरोबर नाइट राउंडला असताना पहाटे काय बोलणे व्हायचे, ठाण्यात रडत आलेल्या बाईला ते पहिला प्रश्न कोणता विचारायचे, नव्या शिपायाला पहिल्या बंदोबस्ताच्या आधी काय सांगायचे, असे विचार. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी चहाच्या वेळेला तू नुसती बसलीस तरी यातले पुष्कळसे तुझ्या कानावर पडेल.

त्यांच्याविषयी मला सर्वांत आधी आठवते ते त्यांचे बेवारस मृतदेहांचे काम. गोदाघाटाच्या हद्दीत नोकरी केलेल्या कोणालाही हे काम चुकत नाही. रामकुंडाच्या परिसरात देशभरातून माणसे येतात. काही आजारी असतात, काही घर सोडून आलेली असतात, आणि त्यांतली काही इथेच जातात. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचा तो तपास आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो, फोटो काढले जातात, वर्णन इतर ठाण्यांना कळवले जाते, आणि कोणी आले नाही की अंत्यसंस्कार होतात. कागदावर एवढे केले की काम पूर्ण होते. हवालदार मात्र मृताच्या सदऱ्याची कॉलर उलटून पाहायचे. गावाकडच्या शिंप्याने कॉलरच्या आत शिवलेली एक लहानशी पट्टी असते, तिच्यावर दुकानाचे नाव आणि पुष्कळदा गावाचेही नाव असते. ती पट्टी जपून काढून, कपड्याच्या एका तुकड्यासह आणि फोटोसह कागदी पाकिटात ठेवायची, पाकिटावर नोंदीचा क्रमांक घालायचा आणि त्या गावच्या पोलीस ठाण्याला किंवा पोलीस पाटलाला आपल्या हाताने पत्र लिहायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. अशी बरीच पत्रे निरुत्तर राहिली. पण काही वेळा कित्येक महिन्यांनी परप्रांतातला एखादा मुलगा किंवा भाऊ ठाण्याच्या दारात येऊन उभा राहायचा. अशा वेळी हवालदार ते पाकीट काढून पुढे ठेवायचे आणि त्याला पाहायला हवा तेवढा वेळ देऊन शेजारी नुसते बसून राहायचे. पुढे त्या माणसाला अमरधाम स्मशानभूमीचा रस्ता दाखवायलाही ते स्वतःच जायचे. या कामाला बक्षीस नसते, गोपनीय अहवालात त्यासाठी रकाना नसतो. तुझ्याकडे आलेल्या एकाही मजकुरात याचा उल्लेख नाही, याचे कारण मला वाटते असे की, जे काम रोज डोळ्यांसमोर होत राहते ते सांगण्यासारखे आहे असे बरोबरच्यांना वाटतच नाही. ती पाकिटे ठेवलेले कपाट अजून ठाण्यात असेल तर वरिष्ठांची परवानगी घेऊन एकदा पाहा, आणि त्यांच्यानंतर ते काम कोणाकडे गेले आहे याचीही चौकशी कर.

म्हणूनच परक्या माणसांच्या आठवणी गोळा करण्यावर माझा भर आहे. सहकाऱ्याचे प्रेम खरे असले तरी त्यात एका खात्याची, एका वर्दीची बांधिलकी मिसळलेली असते. ज्या माणसाला त्यांच्याकडून पुढे काही मिळायचे नव्हते, ज्याची त्यांच्याशी गाठ आयुष्यातल्या एखाद्या वाईट दिवशी, जेमतेम तासाभरापुरती पडली, तो माणूस वर्षानंतरही त्यांची आठवण काढतो तेव्हा त्या साक्षीचे वजन वेगळे असते. अंत्ययात्रेच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे असलेले कितीतरी चेहरे आपल्यापैकी कोणालाच ओळखता आले नव्हते. ती माणसे शोध. जिल्हा रुग्णालयाच्या शवागारातले कर्मचारी, घाटावर बुडणाऱ्यांना काढणारे जीवरक्षक, भद्रकालीतले आणि पंचवटीतले रिक्षाचालक, समन्स बजावायला ते ज्या वस्त्यांत जायचे तिथले दुकानदार, यांच्याकडे स्वतः जा. वर्दीत न जाता साध्या कपड्यांत गेलीस तर लोक मोकळेपणाने बोलतील. त्यांनी कधी काळी पकडलेला एखादा माणूसही चांगले बोलायला तयार असेल, तर त्याचेही ऐकून घे. आरोपीने दिलेली श्रद्धांजली स्मरणिकेत कशी शोभेल, असे कोणी म्हणेल, पण माझ्या मते पोलिसाच्या वागणुकीची याहून कडक परीक्षा नाही.

परक्यांचे शब्द घेताना मात्र कायद्याचे भान सुटू देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे, आणि बालकांच्या बाबतीत बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ तसेच सांगते. एखादी मुलगी कृतज्ञतेपोटी स्वतःहून नाव घालायला सांगेल, तरी तू ते घालू नयेस. गाव, शाळा, नातेवाइकांची नावे अशी ओळख पटवणारी कोणतीही खूण राहू देऊ नयेस. बाकीच्यांनाही छापण्यापूर्वी त्यांचा मजकूर वाचून दाखव, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला पुन्हा विचारू नकोस.

सहकाऱ्यांनी दिलेली साक्ष आणि परक्यांनी केलेले स्मरण ही दोन्ही किती दूरवर जाऊ शकतात हे पाहायचे असेल, तर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांची आठवण कर. मुंबईवरच्या हल्ल्याच्या, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांनी काठीनिशी पुढे होऊन अजमल कसाबची रायफल दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेऊनही ती सोडली नाही, म्हणून त्यांच्या सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आले. त्या नाकाबंदीवरच्या पोलिसांनी न्यायालयात उभे राहून घडले ते सांगितले. त्यांच्या स्मरणाचा पाया तो आहे. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पुढे २०२१ मध्ये, ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला अभ्यासकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसांना आपल्या शास्त्राच्या नोंदीत त्यांचे नाव कायमचे घालावेसे वाटले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्याच वेळी हेही पाहा की, त्यांना लागलेल्या गोळ्यांचा आकडा वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळा सापडतो आणि तो वाढतच जातो. ज्या माणसाने भरलेल्या रायफलीची नळी हातात धरली त्याच्या शौर्याला फुगवलेल्या आकड्याची गरज काय? तुमच्या हवालदारांच्या बाबतीतही जे झाले तेवढेच लिही. बॅरिकेड तोडून आलेल्या गाडीपुढून त्यांनी शिपायाला ढकलले, हे त्या शिपायाने सांगितले आहे. त्यापुढे ‘त्यांनी हसत हसत मृत्यूला कवटाळले’ हे एका मजकुरातले वाक्य काढून टाक. ते कोणी पाहिलेले नाही.

हवालदार गेले त्या रात्रीविषयी आणखी एक सावधगिरी बाळग, आणि तिच्याकडे स्मरणिकेच्या उत्साहात कोणाचे लक्ष जाणार नाही म्हणून ती मी मुद्दाम लिहितो. खटला अजून सुरू आहे. नाकाबंदीवर असलेले दोघेही त्यात साक्षीदार आहेत आणि त्यांचे जबाब तपासात नोंदले गेले आहेत. त्यांनी स्मरणिकेत भावनेच्या भरात प्रसंग रंगवून लिहिला आणि तो जबाबाशी जुळला नाही, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ प्रमाणे, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे, बचाव पक्षाचे वकील उलटतपासणीत तोच छापील कागद त्यांच्यापुढे धरू शकतात. ज्याच्या आठवणीसाठी आपण लिहिले त्याच्याच खटल्याला त्यामुळे धक्का लागावा, असे कधीही होता कामा नये. त्या दोघांना हवालदारांच्या कामाविषयी हवे तेवढे लिहू दे. घटनेविषयी मात्र निकालापर्यंत काहीही न छापणे उत्तम, आणि सरकारी वकिलांना विचारल्याशिवाय तर मुळीच छापू नकोस. शिपायाने तुला सांगितलेले ते ढकलण्याचे वाक्यसुद्धा तोवर तुझ्या वहीतच राहू दे.

२१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनाला अकादमीच्या मैदानावर तू उभी राहिली आहेस. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे, आदल्या दिवशी गस्तीवर जाऊन परत न आलेल्या आपल्या माणसांना शोधायला निघालेल्या तुकडीवर चिनी सैन्याने गोळीबार केला आणि दहा पोलीस जवान गेले. सोबत्यांना शोधायला गेलेल्या माणसांच्या स्मृतीतून आपला स्मृतिदिन सुरू झाला, हे प्रशिक्षणार्थींना मी नेहमी सांगत आलो. त्या दिवशी वर्षभरात देशात गेलेल्यांची नावे वाचली जातात, शोक शस्त्र होते, म्हणजे बंदुकांच्या नळ्या खाली करून मानवंदना दिली जाते, फैरी झडतात. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर, २०१८ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले तेव्हाच, ३४ हजारांहून अधिक नावे कोरलेली होती. यादीत प्रत्येकाला एका ओळीची जागा मिळते, आणि ते तसेच असले पाहिजे, कारण तिथे महासंचालक आणि शिपाई यांची ओळ सारख्याच लांबीची असते. पण त्या ओळीतला माणूस रोज ठाण्यात येऊन काय करत होता हे सांगायला दुसरी जागा लागते, आणि ती तुमची स्मरणिका आहे. कोणी तुला असेही म्हणेल की, हे तर अपघाताने गेले, गोळी लागून गेलेल्यांची गोष्ट वेगळी. या तुलनेत पडू नकोस. २०२० च्या करोनाच्या साथीत मालेगावच्या बंदोबस्तावर असलेले कितीतरी पोलीस बाधित झाले होते, आणि राज्यात त्या साथीने शेकडो पोलीस नेले. त्यांच्यापुढे शत्रू बंदूक घेऊन उभा नव्हता, तरी जायचे तिथे ते गेले होते.

आता घरच्यांविषयी. वहिनींना मजकूर गोळा होण्याच्या आधी भेट, छापून झाल्यावर नव्हे. कोणता फोटो घ्यायचा हे त्यांनी ठरवावे, आणि घटनास्थळाचा किंवा पार्थिवाचा एकही फोटो आत येऊ नये. मुलाला कार्यक्रमात वडिलांची टोपी घालून उभे करायचा कोणाचा विचार असेल तर तो तूच थांबव. त्याला बोलायचे असेल तर त्याने स्वतःच्या मनाने बोलावे. आणि भेटायला जाशील तेव्हा कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद कुठवर आले, गटविम्याची रक्कम मिळाली का, मुलाच्या अनुकंपा नोकरीचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे आणि पोलीस वसाहतीतल्या खोलीची मुदत कधी संपते, हे विचारल्याशिवाय परत येऊ नकोस. यातले काही अडले असेल तर आधी ते मार्गी लावायला लाग, स्मरणिका आठवडाभर उशिरा निघाली तरी चालेल. मला कळव, आयुक्तालयात अजून ओळखीची माणसे आहेत.

एका जुन्या सहायक फौजदारांनी लिहिले आहे की, हवालदार रागीट होते आणि अर्धवट लिहिलेली केस डायरी दिसली की वरिष्ठांनाही तोंडावर बोलायचे. तू त्या ओळीखाली प्रश्नचिन्ह केले आहेस. ती ओळ राहू दे. ज्यांनी त्यांचा तो राग खाल्ला आहे ते सगळे ती वाचून त्यांना लगेच ओळखतील.

परक्यांनी दिलेले मजकूर फार सुधारू नकोस. जीवरक्षक पोरांची बोली असेल तशी राहू दे, कोणी हिंदीत लिहून दिले तर हिंदीतच छाप. साहेब लोकांचे शुभसंदेश शेवटी घाल आणि थोडक्यात घे. पहिले पान एखाद्या सामान्य माणसाच्या पत्राला दे. मंत्र्यांच्या किंवा अधिकाऱ्यांच्या हस्ते प्रकाशन होईल ते होवो, पण त्याच्या आदल्या संध्याकाळी पहिली प्रत वहिनींच्या हातात पोचली पाहिजे. मुद्रिते आली की मला पाठव, मी दोन दिवसांत वाचून परत करीन. कलमांचे क्रमांक आणि नावांचे शुद्धलेखन विशेष लक्ष देऊन पाहीन. पाकिटांच्या त्या कपाटाविषयी मात्र मुद्रितांची वाट न पाहता फोनवर सांग.

तुझा,
अकादमीतला जुना शिक्षक