नेम एकच, बाकीचं बेतानं

प्रश्न : बाई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, सांगलीत एका पतसंस्थेत लिपिक आहे. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर पाडव्याला मी वहीत संकल्प लिहिते. यंदा पाच होते : रोज रात्री दोन तास अभ्यास, पहाटे तासभर चालणं (तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली आहे), अर्धा तास पेटीचा रियाज, महिन्याला ३,००० रुपये शिल्लक आणि दहावीतल्या मुलाचा रोज अभ्यास घेणं. पंधरा दिवस सगळं छान चाललं. मग सासूबाईंना ताप आला, चार दिवस सगळं बंद पडलं आणि नंतर गाडी रुळावर आलीच नाही. घरात म्हणतात, ‘झाला का पाडवा?’ माझ्यात चिकाटीच नाही का? सोबत माझा दिनक्रम पाठवते आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दिनक्रम पाठवलात हे फार बरं केलंत. पत्रापेक्षा त्या कागदानंच मला जास्त सांगितलं. साडेपाचला नळाला पाणी येतं, मग डबे, सासूबाईंची औषधं, पावणेदहाला घराबाहेर. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून घरी यायला साडेसहा. मग स्वयंपाक, जेवणं, ओटा आवरणं, साडेनऊ. यात तुम्ही साडेतीन तासांचे संकल्प बसवलेत, वर मुलाचा अभ्यास वेगळाच. ते बसावेत म्हणून झोप रात्री साडेअकरा ते पहाटे पाच एवढीच उरली. असा दिवस पंधरा दिवस चालवलात, यातच तुमची चिकाटी दिसते. ज्या बाईनं वीसहून जास्त वर्षांनी पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला, तिनं स्वतःला असला प्रश्न विचारू नये.

शाळेत शिकवत असताना बरीच वर्षं वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे होतं. ते करताना पहिली गोष्ट ही, की जे तास हलवता येत नाहीत ते आधी मांडायचे. प्रयोगशाळा एकच, मैदान एकच, चित्रकलेचे सर दुपारनंतर दुसऱ्या शाळेत जाणार. हे सगळं कागदावर आलं की मग गणित-इंग्रजी सकाळच्या तासांना घ्यायचं आणि उरलेल्या चौकटींत बाकीचे विषय. गणित रोज असतं, चित्रकला आठवड्यातून दोनदा. म्हणून चित्रकलेवर अन्याय झाला असं कोणी म्हणत नाही. तुम्ही मात्र पाचही विषय रोज लावलेत, आणि तेही मार्चअखेरची धावपळ आटोपून ऑडिट सुरू होतं त्या दिवसांत. पाडवा मंगल असतो हे खरं, पण पतसंस्थेतल्या माणसाचं अंग तेव्हा मोडून आलेलं असतं.

म्हणून परीक्षा होईपर्यंत तुमचा मुख्य विषय एकच, बी.ए. रोज दोन तास नकोत. पावणेनऊ ते दहा, आठवड्यातले पाच दिवस. जेवणाच्या टेबलावर तुम्ही एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. त्याचा अभ्यास ‘घेणं’ सोडून द्या. दहावीच्या मुलाला आई शेजारी बसून स्वतःचं पुस्तक वाचते आहे एवढं खूप असतं. त्याचं अडलेलं रविवारी बघा.

आता पावणेनऊला तुम्ही मोकळ्या कशा होणार? यावर मी आडपडदा न ठेवता सांगते. रात्रीचं मागचं आवरणं आणि सकाळचं पाणी भरणं ही कामं तुमच्या यजमानांनी घ्यावीत. पत्रात त्यांचा उल्लेख फक्त ‘झाला का पाडवा’ म्हणणाऱ्यांत आहे. ही गोष्ट सासूबाईंसमोर, सगळे जेवायला बसलेले असताना बोला. परीक्षेची तारीख सांगा आणि तोवर कोण काय करणार ते तिथेच ठरवा. घरातल्या कामांची वाटणी न करता केलेला संकल्प शेवटी बाईच्या झोपेतूनच वसूल होतो, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

चालण्याचं बघू. ६.१ म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा आकडा, दुर्लक्ष नको. तरी त्यासाठी पहाटेचा तास हवाच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीनं व्यायाम सांगते, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. तुम्ही लिहिलंय की पतसंस्था घरापासून दोन-सव्वादोन किलोमीटरवर आहे आणि येताना शेअर रिक्षा करता. येताना ती रिक्षा सोडा. बोलायला जमेल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा चालीनं घरी या. चपलेऐवजी बूट घाला आणि ते कामाच्या ठिकाणीच खणात ठेवा. पहाटे सहापर्यंत झोपायला मिळेल, कारण पाणी आता दुसरं कोणी तरी भरणार आहे. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा आणि खाण्यापिण्याचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

शिलकीला रोजच्या निर्धाराची गरजच नाही. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे आवर्ती ठेवीत परस्पर वळते होतील अशी सूचना एकदा लिहून द्या. तुम्ही दिवसभर लोकांची हीच खाती सांभाळता. तीन हजारांत ओढाताण होत असेल तर दोन हजार लावा, पण महिनाअखेरीला उरेल ते टाकू, असं नको.

पेटीबद्दल लिहिताना तुमचं अक्षर जरा मोठं झालंय, ते मी पाहिलं. म्हणून ती बंद करा असं मी सांगणार नाही. रविवारी दुपारी तासभर, दार लावून. बाकी सहा दिवस पेटी उघडली नाही तर मनाला लावून घेऊ नका.

राहिला तो ताप, म्हणजे तुमचं खरं दुखणं. शाळेत कुठले ना कुठले शिक्षक रजेवर असतातच. त्यासाठी बदली तासांची वही असते. पहिली घंटा होण्याआधी कोणत्या वर्गावर कोण जाणार ते तिच्यात लिहिलेलं असतं. तुमच्या पाच संकल्पांना अशी सोय नव्हती. ती आज लिहून ठेवा : घरात कोणी आजारी पडलं, तर त्या दिवशी फक्त दहा मिनिटं, एक पान वाचायचं. पाऊस असेल तर चालण्याऐवजी घरातच जिना चढ-उतार. पाहुणे आले तर अभ्यास शनिवारी दुपारी. ‘असं झालं तर असं करायचं’ हे आधी ठरवलेलं असलं की ठरवल्याप्रमाणे होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं आहे. आणि २१ दिवसांत सवय लागते म्हणतात त्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं. कोणाला १८, तर कोणाला २५४. त्यातच आढळलं की मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. चार दिवस गेले तर पाचव्या दिवशी जिथे होतो तिथूनच पुढे जायचं. मागची थकबाकी भरत बसायचं नाही.

सुरुवातीला मुहूर्त हवाच असेल तर आषाढी एकादशी जवळ आहे. आपल्याकडे चातुर्मासाचा नेम धरतात तो आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. माझी आजी एका वर्षी एकच नेम धरायची, कधी मीठ सोडायचं, कधी रोज एक अध्याय. प्रवासात, आजारपणात त्याला सूट असे आणि कार्तिकीला रीतसर उद्यापन. कधी संपणार हे ठाऊक असल्यामुळे तिला तो जड जात नसे. तुम्हीही एवढेच चार महिने धरा. कार्तिकीला कागद पुन्हा काढा आणि काय ठेवायचं, काय बदलायचं ते नव्यानं ठरवा.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आहे. ठरवलंय की पद मिळेपर्यंत घरी जायचं नाही, व्यायाम, मित्र, फोन सगळं बंद, अभ्यासिकेत रोज १४ तास. सध्या दहाच होतात, त्यामुळे स्वतःचा राग येतो. निर्धार टिकवण्यासाठी काय करू?
— स. पा., पुणे

उत्तर : बाळा, हा निर्धार टिकवू नकोस, बदल. पद मिळणं तुझ्या एकट्याच्या हातात नाही. किती जागा निघणार, जाहिरात कधी येणार, परीक्षा पुढे जाणार का, हे आयोग ठरवतो. तुझ्या हातात आहे ते आज किती उत्तरं लिहिलीस. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा खुर्चीवरचे तास मोजण्यापेक्षा रोज वेळ लावून लिहिलेली दोन उत्तरं आणि ती कोणाकडून तरी तपासून घेणं, हे मोजमाप धर. दहा तास होतात ते भरपूर आहेत. त्यातलाही एक काढून संध्याकाळी धावायला जा. रात्री सात तास झोप, कारण वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

घर तोडू नकोस. रविवारी आई-वडिलांशी निवांत बोल, सणाला जा. त्यांना निकाल सांगायचा नसला तरी तू जेवतोस की नाही हे कळायला हवं. आणि एक गोष्ट याच महिन्यात कर : किती प्रयत्न देणार आणि कोणत्या वर्षी थांबणार, हे ठरव. थांबल्यावर काय करणार तेही लिही, नोकरी, पुढचं शिक्षण, गावाकडचा व्यवसाय, जे असेल ते. तो कागद वडिलांना दाखव आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडेच राहू दे.