प्रभूने क्षमा केली, मग आता ती फेडायची कशी?

तुम्ही विचारलंय, "प्रभूने माझी क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. मग चांगली कामं करून ती फेडायची असते का? प्रीती कृतीतून दाखवा म्हणतात, म्हणजे नेमकं करायचं काय?"

फेडायची नसते. दोन वर्षं मी तेच करत होतो, म्हणून ठामपणे सांगतो.

इंदूरला मल्हारगंजात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, दादाने उभं केलेलं. तेविशीत असताना मशीनच्या हप्त्याचे 18 हजार मी सट्ट्यात घालवले. दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "झालं ते झालं. उद्या दुकान तू उघड." तेव्हापासून मी स्वतःला जुंपून घेतलं. पहाटे शटर, रात्री झाडू, वहिनीची बाजारहाट, दळण, सगळं. एकदा अंगात ताप असताना दुकानात आलो तसा दादा चिडला. "हप्ते भरतोयस का रे? मी सोडलेत ना ते पैसे?" तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर बसून रडलो. त्याने केलेली क्षमा मी घेतलीच नव्हती, उधारीच्या वहीत मांडून ठेवली होती.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू शिमोन नावाच्या परुश्याकडे, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याकडे, जेवायला जातो. तिथे गावात पापी म्हणून ठरलेली एक बाई येते, आसवांनी त्याचे पाय भिजवते, केसांनी पुसते, सुगंधी तेल लावते. येशू शिमोनाला सावकाराचा दाखला देतो: एकाचं कर्ज 500 दीनार (तेव्हाचं चांदीचं नाणं), दुसऱ्याचं 50, दोघांनाही माफ; जास्त प्रीती कोण करील? मग तो शिमोनाला एक साधी गोष्ट दाखवतो, की मी तुझ्या घरी आलो तर पाय धुवायला तू पाणीसुद्धा दिलं नाहीस. ती पाण्याची गोष्ट माझ्या मनाला फार लागते. घर होतं, पंगत होती, पण आपल्याला काही सोडून दिलंय असं शिमोनाला वाटतच नव्हतं, म्हणून साधा तांब्याही पुढे झाला नाही. त्या बाईला मात्र कुणी काही सांगावं लागलं नाही.

आमच्या इंदूरजवळचंच एक उदाहरण देतो. सिस्टर राणी मारिया केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकारी पाशातून लोक सुटू लागले, ते काहींना खुपलं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टरच, 2002 साली इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्याच्या हाताला राखी बांधली. त्याच हाताला. नुसतं "मी क्षमा केली" म्हणून त्या थांबल्या नाहीत. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, 2006 मध्ये तो सुटला, पुढे केरळला त्यांच्या घरी गेला आणि त्या घराने त्याला आत घेतलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं. आम्ही कॅथलिक नाही, पण ती राखी मी विसरू शकत नाही.

तेव्हा करायचं काय? ज्याने क्षमा केली त्याला काही कमी पडलेलं नसतं. ते प्रेम कुणीकडे वळवायचं, तर जो आपलं देणं लागतो, त्याच्याकडे. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला चाकर इथेच चुकला: स्वतःचं डोंगराएवढं कर्ज माफ झालं आणि बाहेर पडताच 100 दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला.

माझ्यावर ही वेळ गेल्या वर्षी आली. दुकानातल्या पोराने गल्ल्यातून थोडे थोडे करून सात हजार काढले. आईचं औषध वगैरे काही कारण नव्हतं, मोबाइल घेतला होता. मी त्याला त्याच संध्याकाळी घालवून दिलं. रात्रभर डोळा लागला नाही. दादाचं जेवतानाचं वाक्य कानात घुमत होतं. सकाळी त्याच्या घरी गेलो. तो दारातच खाली मान घालून उभा राहिला. शटरची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "चल, उशीर होतोय."

मोबाइल त्याच्याकडेच आहे. पैसे मी मागितले नाहीत. गल्ला मात्र आता रोज रात्री दोघं मिळून मोजतो. तो नोटा लावतो, मी वहीत लिहितो.